गणितीय स्थिरांकांची अचलता

गणितीय स्थिरांकांची अचलता : पाय, ई यांसारख्या संख्यांची मूल्ये स्थळ, काळ आणि मापनपद्धती यांवर अवलंबून नसतात, हे गृहीत कितपत खरे आहे याचा विचार. ज्ञात मूल्य, भूमिती आणि व्याख्या या तीन अंगांनी तो केला जातो.

ज्ञात मूल्य : आर्यभटांनी इ. स. ४९९ मध्ये पायचे मूल्य ३.१४१६ दिले व ते आसन्न असल्याचेही नमूद केले. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) ३९२७/१२५० हे सूक्ष्म, तर २२/७ हे व्यवहारापुरते स्थूल मूल्य आहे. पाय अपरिमेय असल्याचे लांबेर्ट यांनी १७६१ मध्ये सिद्ध केले; त्यामुळे कोणताही अपूर्णांक पायइतका असू शकत नाही. शतकानुशतके सुधारत गेला तो अंदाज. मूळ संख्यांच्या वाटणीसाठी लेजांद्र यांनी १८०८ मध्ये मांडलेला १.०८३६६ हा स्थिरांक तर पुढे नेमका १ ठरला. तो मुळात कोष्टकांवरून बांधलेला तर्क होता.

भूमिती : गोलाच्या पृष्ठावर ध्रुव हा केंद्र धरून विषुववृत्त काढल्यास त्याचा परीघ पृष्ठावरून मोजलेल्या व्यासाच्या दुप्पटच भरतो. फक्त आडव्या-उभ्या रेषांनी अंतर मोजणाऱ्या टॅक्सी भूमितीत हेच गुणोत्तर ४ येते. यावरून परीघ व व्यास यांचे गुणोत्तर भूमितीनुसार बदलते एवढेच सिद्ध होते. पाय ही संख्या वर्तुळाचा आधार न घेताही निश्चित करता येते : केरळचे माधव यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या १ − १/३ + १/५ − १/७ + … या श्रेढीची बेरीज पायच्या चतुर्थांशाइतकी असते. अवकाश वक्र असल्याने या बेरजेत फरक पडत नाही.

व्याख्या : काही स्थिरांक मात्र निवडीवर अवलंबून असतात. यदृच्छेने निवडलेला संगणकीय कार्यक्रम कधीतरी थांबण्याची संभाव्यता म्हणजे चायटिन यांचा ओमेगा. संगणकीय भाषा बदलली की त्याचे मूल्यही बदलते, म्हणून सर्वमान्य असा एकच ओमेगा नाही. भाषा ठरल्यावर मूल्य निश्चित होते. परंतु त्याचे सर्व अंक काढणारी रीत असूच शकत नाही.

भौतिक स्थिरांकांशी तुलना : गुरुत्व स्थिरांक काळानुसार घटत असावा, असे डिरॅक यांनी १९३७ मध्ये सुचविले. गॅबनमधील ओक्लो येथे सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी चाललेल्या नैसर्गिक अणुभट्टीच्या अवशेषांवरून विद्युतचुंबकीय बलाची तीव्रता दर्शविणाऱ्या सूक्ष्मरचना स्थिरांकातील बदलावर कडक मर्यादा घालता आल्या. असे प्रश्न मोजमापाने सुटतात. पायचा प्रश्न सिद्धतेने सुटतो. इंडियाना राज्याच्या प्रतिनिधिगृहाने १८९७ मध्ये ६७ विरुद्ध ० मतांनी संमत केलेल्या विधेयकातून पायचे मूल्य ३.२ निघत होते. सिनेटने ते बेमुदत पुढे ढकलले. ते कायदा झाले असते, तरी पायचे मूल्य तेच राहिले असते.