अनुस्फुरक डीएनए शोधक व श्वेतकोशिकार्बुद
डीएनए या आनुवंशिक द्रव्याच्या ज्ञात तुकड्याला अनुस्फुरक (एका तरंगलांबीचा प्रकाश शोषून अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकणारे) रंजकद्रव्य जोडून हा शोधक तयार करतात. कोशिकेतील डीएनएचे दोन धागे उष्णतेने अलग केले की, तो आपल्याशी पूरक असलेल्या जागीच जुळतो व सूक्ष्मदर्शकाखाली तेथे रंगीत ठिपका दिसतो. श्वेतकोशिकार्बुदात (ल्यूकेमियात) जीनांची अदलाबदल झाली आहे की नाही, हे त्यावरून ओळखता येते.

या विकाराचा गुणसूत्रांशी असलेला संबंध १९६० मध्ये उघड झाला. फिलाडेल्फिया येथील पीटर नोएल व डेव्हिड हंगरफर्ड यांना चिरकारी (दीर्घकालीन) मज्जाजन्य प्रकाराच्या रुग्णांत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड आढळले. नोएल यांनी कोशिका नळाच्या पाण्याने धुतल्यामुळे त्या फुगून गुणसूत्रे सुटी दिसू लागली होती. तेव्हा या शोधात योगायोगाचाही वाटा होताच. तुटलेल्या भागाचे काय झाले, हे मात्र कळले नव्हते. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट रौली यांनी गुणसूत्रांवरील पट्ट्यांची तुलना करून २२ व्या गुणसूत्राचा तो भाग ९ व्यावर गेल्याचे दाखविले. या अदलाबदलीत ९ व्यावरील एबीएल जीनाचा भाग २२ व्यावरील बीसीआर जीनाला जोडला जातो व त्यापासून बनणारे प्रथिन कोशिकांना अनिर्बंध वाढावयास लावते, हे १९८० नंतर स्पष्ट झाले.

पट्ट्यांच्या पद्धतीची खरी अडचण अशी की, तिला विभाजन पावणाऱ्या कोशिका लागतात. अस्थिमज्जेचा नमुना प्रयोगशाळेत वाढला नाही, तर निदान तेथेच अडते. ही अडचण शोधकाने दूर केली. १९६९ मध्ये जोसेफ गॉल व मेरी लू पार्ड्यू यांनी वापरलेले शोधक किरणोत्सर्गी होते. त्यांचे ठसे छायाचित्रण-पायसावर उमटण्यास फार वेळ लागे. १९८० नंतर त्यांची जागा अनुस्फुरक रंजकांनी घेतली. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी बीसीआर व एबीएल यांना दोन निरनिराळे रंग दिले. निरोगी कोशिकेत लाल व हिरवे ठिपके अलग राहतात; जीन जोडले गेले असल्यास ते एकत्र येऊन पिवळसर दिसतात. कोशिका विभाजन पावत नसली, तरी हे चालते.

तथापि गोलाकार केंद्रकाचे चित्र सपाट दिसत असल्याने दोन ठिपके नुसते एकावर एक पडूनही जुळल्याचा भास होतो. म्हणून शेकडो केंद्रके मोजावी लागतात व निरोगी व्यक्तींच्या नमुन्यांवरून मर्यादा ठरवावी लागते. दोन्ही बदललेल्या गुणसूत्रांवर जोडठिपका दाखविणारे शोधक पुढे आल्यावर ही चूक पुष्कळ कमी झाली.

मुलांमधील तीव्र लसीकाकोशिकीय प्रकारात १२ व २१ या गुणसूत्रांची अदलाबदल वारंवार आढळते. अदलाबदल झालेले भाग पट्ट्यांत सारखेच दिसत असल्याने ती १९९० नंतर शोधकांमुळेच ध्यानात आली. या मुलांचा आजार बहुधा उपचारांना चांगला दाद देतो. त्यामुळे उपचार किती तीव्र द्यावयाचे, हे ठरविताना या माहितीला महत्त्व आहे. केएमटी२ए या जीनाचे जोडीदार अनेक असल्याने तेथे उलट युक्ती योजतात : जीनाच्या दोन टोकांना दोन रंग देतात व ते विलग झाल्यास जीन तुटल्याचे समजते.

शोधक विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. अन्य गुणसूत्रांतील बदल त्यास दिसत नाहीत. म्हणून पट्ट्यांची परीक्षा सुटलेली नाही. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले इमॅटिनिब हे औषध बीसीआर-एबीएल प्रथिनाच्याच कार्यास अटकाव करते. त्याच्या उपचारानंतर हजारो कोशिकांत एखादीच रोगट कोशिका उरली, तर ती ठिपके मोजून सापडत नाही. तिच्यासाठी पॉलिमरेज शृंखला विक्रियेचा आधार घेतात.