पांझरेकाठचे फड

फड हा शब्द मराठीत कुस्तीच्या आखाड्याला लागतो, तमाशाच्या ताफ्याला लागतो, तोडणीला आलेल्या उसाला लागतो आणि पेशवाईत तो दप्तरखान्यालाही लागत असे; परंतु साक्री-पिंपळनेरकडच्या शेतकऱ्याने तो उच्चारला म्हणजे त्याच्या मनात यांपैकी काहीएक नसते, तर बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या गावच्या रानाचा एक ठरीव भाग आणि त्या भागाभोवती कित्येक पिढ्यांनी रूढ केलेली एक वहिवाट असते.

पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांच्या काठी, धुळे व नाशिक जिल्ह्यांत, ही वहिवाट तीन-चारशे वर्षे चालत आली असे सामान्यतः मानतात. बंधारे एकाखाली एक बांधलेले. वरच्याने वळविलेले पाणी कालव्याने थळात, म्हणजे भिजविण्यासाठी मुक्रर केलेल्या क्षेत्रात जावे, तेथून चाऱ्यांनी फडांत आणि सारंगांनी वावरावावरांत फिरावे, आणि जे उरेल ते सांडमातून पुन्हा नदीत उतरून खालच्या गावाच्या बंधाऱ्याला लागावे, अशी ती योजना.

स्थापत्य साधेच आहे. खरी करामत जमिनीच्या विभागणीत. थळाचे बहुधा तीन किंवा चार फड पाडीत आणि एका फडात एका वेळी एकच पीक घेत: एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात बाजरी, आणि पुढे पालट. खातेदाराची जमीन मात्र एके ठिकाणी सलग नसून तिचा एकेक तुकडा निरनिराळ्या फडांत असे. १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्याने ज्या विखुरलेपणाला दोष ठरविले, तोच येथे गुण होता. कारण ऊस ज्या फडात जाई त्या फडात सर्वांचाच थोडाथोडा वाटा असल्याने तो सर्वांच्या पदरी पडे, आणि पावसाने दगा दिला म्हणजे जो फड कोरडा ठेवण्याचे गावाने बैठकीत ठरविले त्याची झळही कोणा एकट्याला न लागता घरोघर वाटली जाई. शेजाऱ्याचे रान सुकवून आपले भिजविण्याची इच्छा त्या गावांतील माणसांना होत नसे असे समजण्याचे कारण नाही. ती इच्छा फलद्रूप होण्याची सोयच काढून घेतली होती, एवढेच.

समूहाच्या वर्तनाचा अभ्यास पश्चिमेकडे शास्त्र म्हणून उभा राहिला तो फार अलीकडे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषिअभियंत्याने माणसांना दोर ओढावयास लावून जे मोजले आणि १९१३ साली प्रसिद्ध केले, त्यात आठ जणांचे एकत्रित बळ त्यांच्या एकेकट्या बळांच्या बेरजेच्या निम्म्यावर आले होते. कोणाचे श्रम किती हे दिसेनासे झाले की हात सैल पडतात, ही मीमांसा पुढच्या संशोधकांनी केली. फडावर कालव्याचा गाळ काढण्याचे श्रम ज्याच्या त्याच्या जमिनीच्या हिश्श्याप्रमाणे ठरत. तेव्हा कोणाची कसूर झाली हे सांगावयास तराजूची गरज नसे.

१९५४ साली ओक्लाहोमातील एका छावणीत मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी बावीस मुलांचे दोन तट पाडून आधी त्यांच्यात चुरशीने वैर वाढविले, आणि एका पंक्तीला बसविल्याने ते मिटेना (उलट ताटांतले अन्न एकमेकांच्या अंगावर गेले!) तेव्हा दोन्ही तटांना एकत्र आल्यावाचून सुटणार नाहीत अशा अडचणी त्यांच्यापुढे मांडल्या. त्यांतली पहिली होती पिण्याच्या पाण्याची. टाकीची तोटी मुद्दाम बुजविली होती. शेरीफ यांना अडचण योजून निर्माण करावी लागली. पांझरेकाठी ती दर उन्हाळ्याला आपोआप येई.

पाणी वाटण्याचे काम मात्र खातेदारांच्या हाती ठेवलेले नव्हते, आणि मला यातच त्या योजनेचे खरे शहाणपण दिसते. बांधावर फावडे घेऊन उभा असतो तो पाटकरी. पाटाच्या तोंडचे चिखलाचे ढेकूळ तो सरकवितो, वाफ्याच्या शेवटच्या कोपऱ्यात पाणी पोचून चकाकू लागले की ते पुन्हा बसवून पुढचे दार मोडतो, आणि वावराचा धनी त्या वेळी घरी झोपलेला असला तरी त्याच्या पिकाला तहान लागत नाही. पाटकऱ्यावर देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. आणि मुशाहिरा रोकड नव्हे, पिकातून. ज्याला पाणी हवे त्याच्याच हाती फावडे दिले असते, तर तंट्यांची फिर्याद रोज मामलेदाराच्या कचेरीत गेली असती.

या व्यवस्थेचे कौतुक करताना ती थळाच्या हद्दीपुरतीच होती हे झाकून ठेवू नये. ज्याची जमीन थळाबाहेर किंवा ज्याला जमीनच नाही, त्याचा या पाण्यावर खातेदाराचा हक्क नव्हता; समता होती ती हिस्सेदारांत, गावात नव्हे.

उसाच्या पैशाचा मोह, नद्यांच्या वरच्या अंगाला झालेले पाणीसाठे, आणि विहिरींवर बसलेली आधी तेलाची व मग विजेची यंत्रे यांनी ही वीण उसवत नेली. ज्याच्या वावरात विहीर लागली, त्याला कोणता फड कोरडा ठेवावयाचा हे ठरविणाऱ्या बैठकीस जाऊन बसण्याचे प्रयोजन उरले नाही. आणि बाजरीच्या फडाच्या ऐन मध्यात, चारी बाजूंनी कणसे पिकत आलेली असताना, उसाचा एक हिरवा चौकोन उभा राहू लागला.