चांदी वितळते, नोंद उरते

आजचा विषय घरातली चांदी. म्हणजे देव्हाऱ्यातले टाक, सणाला निघणारं ताम्हण, बारशाला शोधाशोध करून काढलेले वाळे आणि कपाटात फडक्यात बांधून ठेवलेले राणीछाप रुपये. पण सुरुवात घरातून नको, साताऱ्याच्या संग्रहालयातून करू.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्यात आली. उसनी, ठरावीक मुदतीसाठी. बघायला रांगा लागल्या. वाद झाला तो एकाच प्रश्नावर: ही तीच का? खुद्द त्या म्युझियमचं म्हणणं असं की, अफझलखानाच्या वेळी वापरलेली वाघनखं हीच, हे पडताळून बघता आलेलं नाही. मग एवढं नाव कशावरून झालं? सोबतच्या पेटीवरच्या मजकुरावरून. त्यात लिहिलंय की ही वाघनखं शिवाजी महाराजांची, आणि जेम्स ग्रँट डफ साताऱ्यात रेसिडेंट असताना पेशव्यांच्या प्रधानानं ती त्याला दिली. ग्रँट डफ १८१८ ते १८२२ साताऱ्यात होता. त्याच्या वंशजानं पुढे ती म्युझियमला दिली. गंमत म्हणजे त्याच मजकुरात अफझलखानाला मुघल सेनापती म्हटलंय. तो तर आदिलशाहीचा सरदार!

म्हणजे दोन गोष्टी. एक, पेटीवरच्या चार ओळी नसत्या तर ते नुसतं लोखंड होतं. दोन, त्या ओळी नीट विचारून लिहिल्या नाहीत तर दोनशे वर्षांनी भांडण लागतं. आज मला एवढंच सांगायचंय: वारशाची वस्तू म्हणजे धातू अधिक नोंद. धातू कधीही वितळू शकतो, आणि आपल्या भागात तो पुन्हा पुन्हा वितळलाय.

आपला भाग म्हणजे मलकापूर. बुलढाण्याचं नाही, शाहूवाडीचंही नाही. कराडला चिकटून असलेलं, पुणे-बंगळुरू हायवेवरचं, आगाशिवच्या डोंगराखालचं. इकडच्या घरांत राजवाड्यासारखे चांदीचे डिनर सेट नव्हते. शेतकऱ्याच्या घरातली सगळ्यात जुनी चांदी बहुतेक वेळा देव्हाऱ्यात सापडते: टाक.

टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशानं उठवलेला देव. खंडोबा, जोतिबा, भवानी, ज्याचं जे कुलदैवत. काही घरांत पूर्वजांचेही टाक असतात. वजन म्हणाल तर किरकोळ. मोडीत घातले तर फार पैसे येणार नाहीत. पण भाऊ वेगळे झाले की पहिला प्रश्न येतो, देव कुणाकडे? बहुतेक घरांत जुने टाक थोरल्याकडे राहतात आणि बाकीचे नवे करून घेतात. नवे टाक असोत की उजळून आणलेले जुने, ते कुलदैवताला भेटवायला न्यायचे. कुणी जेजुरीला जातं, तर आपल्याकडची कितीतरी घरं तारळी नदीकाठी पालीला. पौषात खंडोबा-म्हाळसेच्या लग्नाची यात्रा भरते, ती पाली आपल्याच कराड तालुक्यातली.

यातली पद्धत बघा. टाक झिजतो, मोडतो, नवा होतो. चांदी तीच राहिली पाहिजे असा हट्ट नाही. देव तोच, घर तेच, आणि भेटवण्याचा विधी म्हणजे एक प्रकारची नोंद. मी दिवसभर कोड लिहितो. आमच्याकडे प्रत्येक बदलामागे कुणी, कधी, का केला ते लिहून ठेवावं लागतं. आपल्या आज्यांनी हेच काम लिहिता न येताही केलं. फक्त ते सगळं त्यांच्या डोक्यात राहिलं.

आता थोडी आकडेमोड. १८३५ पासून कंपनी सरकारचा सगळीकडे एकसारखा रुपया आला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. आणि तोळा? तोही बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे रुपया हे नाणंही होतं आणि वजनही. तराजूत एका बाजूला रुपये टाकून दागिना जोखता यायचा. घरात एखादं जुनं चिटोरं सापडलं आणि त्यावर ‘तोडे, २५ तोळे’ असं लिहिलेलं असलं, तर ते सुमारे २९१ ग्रॅम होतात. आजच्या दुकानातल्या दहा ग्रॅमच्या तोळ्यानं मोजलं तर २५०. एकेचाळीस ग्रॅम चांदी नुसत्या गैरसमजात जाते!

त्या काळात चांदीचे दागिने हीच बँक होती. सरकारी टांकसाळ सगळ्यांना खुली होती. चांदी आणा, खर्च कापून रुपये घेऊन जा. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमधल्या बायकांच्या अंगावरची चांदी सावकार-सराफांच्या हातून मुंबईच्या टांकसाळीत गेली, तिचे रुपये झाले, आणि रुपयांचं धान्य. दागिने गेले, पण माणसं जगली. वारसा वापरायचा म्हणजे कधीकधी असाही वापरायचा.

मग जून १८९३ मध्ये सरकारनं टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. जगभर चांदीचा भाव घसरत होता आणि सरकारला रुपयाची किंमत टिकवायची होती. रुपया टिकला, पण त्याच वजनाच्या चांदीला रुपया मिळेना. तीनच वर्षांनी, १८९६-९७ ला दुष्काळ पडला. पाठोपाठ १८९९-१९०० चा. पोटासाठी तोडे मोडायला निघालेल्या घराला वीस वर्षांपूर्वी मिळाले असते त्यापेक्षा कमी पैसे मिळाले. त्या बाईनं काहीच चूक केली नव्हती. तिच्या बँकेचा नियम दुसऱ्याच कुणीतरी बदलला होता.

राणीछाप रुपयांचंही तसंच झालं. दुसऱ्या महायुद्धात चांदी कमी पडू लागली. १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी घालू लागले. ३१ मार्च १९४१ नंतर व्हिक्टोरियाचा रुपया चलनातून बाद झाला. स्वातंत्र्याच्या सुमाराला रुपया निकेलचा झाला. जे राणीछाप रुपये आज घरात आहेत, ते कुणीतरी मुद्दाम परत दिले नाहीत म्हणून आहेत. कुणी टाचा लावून गळ्यात घातले, कुणी लक्ष्मीपूजनाला ठेवले.

आता कराडहून विट्याच्या रस्त्याला लागू. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ. पाऊस कमी, शेती बेभरवशाची. इथली माणसं विसाव्या शतकात एका वेगळ्याच धंद्यात शिरली: गलाई. म्हणजे जुनं सोनं-चांदी मुशीत वितळवून, तेजाबानं शुद्ध करून देणं. आज केरळ, तमिळनाडूपासून बंगाल, पंजाबपर्यंत सराफ बाजाराच्या एखाद्या बोळात जा, भट्टीशेजारी सांगलीकडची मराठी ऐकू येईल. सोनाराच्या दुकानातली झाडलोटसुद्धा ही माणसं गाळतात आणि त्यातून सोनं काढतात.

विचार करा. कुठल्या तरी तमिळ आजीच्या बांगड्या, कुठल्या तरी बंगाली घरातली वाटी, सगळं शेवटी खानापूर तालुक्यातल्या एखाद्या पोराच्या मुशीत. मुशीला नाव कळत नाही, फक्त शुद्धता कळते. मी हे दोष म्हणून सांगत नाही. त्या भट्ट्यांनी दुष्काळी गावांत घरं उभी केली, पोरं शिकवली. पण मुशीपर्यंत वस्तू पोचायच्या आधी तिची गोष्ट काढून ठेवायचं काम गलाईवाल्याचं नाही. ते आपलं.

गोष्ट काढून ठेवली की काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. मलकापूरच्या दक्षिणेला काले गाव. तिथं ४ ऑक्टोबर १९१९ ला भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग सुरू झालं. पोरांच्या जेवणाला पैसे नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. त्यातला एकही दागिना आज कुणी दाखवू शकणार नाही. तरी रयतमध्ये शिकलेल्या कुणालाही विचारा, तो त्या मंगळसूत्राबद्दल सांगेल. धातू गेला, नोंद राहिली, आणि वारसा लाखो पोरांना मिळाला.

पण एक फरक नीट लक्षात घ्या. लक्ष्मीबाईंनी स्वतःचं दिलं. बाईला न विचारता तिचे दागिने मोडणं ही वेगळी गोष्ट आहे. स्त्रीधनाचा विचार आपल्याकडे फार जुना. विज्ञानेश्वरानं मिताक्षरा लिहिली ती कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, आणि त्या राजाची एक राणी कराडच्या शिलाहारांची मुलगी होती. मिताक्षरेत आईचं स्त्रीधन आधी मुलीकडे जातं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बाईला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की स्त्रीधन सासरच्या ताब्यात असलं तरी मालकी तिचीच, बाकीचे फक्त सांभाळणारे. २०२४ मध्ये कोर्टानं पुन्हा तेच सांगितलं: अडचणीत नवऱ्यानं वापरलं तरी परत करण्याची जबाबदारी त्याची. पण कोर्टात पहिला प्रश्न काय येतो? काय काय होतं, किती होतं, कुणी दिलं? तिथंही नोंदच लागते.

हे आत्ता का बोलतोय? चांदीनं किलोमागे लाखाचा आकडा ओलांडलाय. गावाकडचं घर विकून फ्लॅटमध्ये जाताना ‘ही जुनी भांडी कशाला, मोडून टाकू’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. आणि कुठला टाक कुणाचा हे ठाऊक असलेली पिढी ऐंशीच्या पुढे गेलीय. मोडायचं तर मोडा, तो तुमच्या घरचा निर्णय. पण आधी एक तास द्या.

फोन घ्या. प्रत्येक वस्तूचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, बुडाशी कोरलेलं नाव किंवा शिक्का असेल तर जवळून. वजन ग्रॅममध्ये लिहा. मग रेकॉर्डर चालू करा आणि आजीला चारच प्रश्न विचारा: हे कुणाचं, कुठून आलं, कधी वापरायचे, पुढे कुणाला द्यायचं? शेवटचा प्रश्न घरातल्या सगळ्यांसमोर विचारा, पुढची भांडणं वाचतील. अंदाज असेल तर ‘अंदाज’ असंच लिहा. पेटीवरचा मुघल सेनापती आठवतोय ना?

आणि वस्तू वापरा. बंद कपाटातली चांदी काळी पडते, कारण हवेतला गंधक तिला धरतो. रबरबँड लावू नका, सुती फडक्यात ठेवा. टाक घासघासून देवाचा चेहरा सपाट करू नका. वाळे पुढच्या बारशाला घाला, ताम्हण दिवाळीला काढा. वस्तू हातात आली की कुणीतरी विचारतं, ‘हे कुणाचं गं?’ तेव्हा उत्तर देणारं माणूस घरात हवं, नाहीतर निदान त्याचा आवाज तरी फोनमध्ये हवा.

आजच्यापुरतं एवढंच. एपिसोड संपला की गाणं लावायच्या आधी घरी एक फोन करा. भेटू पुढच्या भागात!