कुत्र्याचं खाणं अन् घरातल्यांना जुलाब : साल्मोनेला घरात येतो कसा?

गावाकडं आता राखणीच्या कुत्र्यासोबत लॅब्रॅडोर, पोमेरियनही दिसू लागलेत. त्यांच्यासाठी कुणी पिशवीतलं सुकं खाद्य आणतं, तर कुणी चिकनच्या दुकानातून पंजे, मुंडकी, आतडी स्वस्तात आणून कच्चीच घालतं. दोन्हींतून साल्मोनेला हे जंतू घरात येऊ शकतात. कुत्रं धडधाकट अन् पोरं जुलाबानं बेजार, असंही होतं. कारण जंतू पोटात असूनही कुत्र्याला काही त्रास दिसत नाही, पण विष्ठेतून ते बाहेर पडत राहतात.

पिशवीतलं खाद्य तर कारखान्यात शिजवलेलं असतं, मग जंतू कुठून? शिजल्यावर त्यावर चवीसाठी चरबी फवारतात. तिथं किंवा यंत्रावर जंतू असले की माल पुन्हा दूषित होतो. कोरड्या खाद्यात ते वाढत नाहीत, पण महिनोन्‌महिने तग धरतात. २०१२ साली अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या एका कारखान्यातल्या सुक्या खाद्यामुळं अमेरिका आणि कॅनडात मिळून ४९ माणसं आजारी पडल्याची नोंद झाली. आजार आला तो खाद्य हाताळण्यातून आणि ते खाणाऱ्या कुत्र्यांच्या संपर्कातून.

कच्च्या मांसाचा धोका याहून जास्त. फ्रीजरमध्ये ठेवलं की जंतू मरतात, हा गैरसमज आहे. त्यांची फक्त वाढ थांबते. लिस्टेरिया नावाचे जंतू तर फ्रीजच्या थंडीतही वाढतात आणि गरोदर बाईचा गर्भपात होऊ शकतो. म्हणून पंजे-आतडी आतपर्यंत नीट शिजवूनच घाला. ते पातेलं, सुरी वेगळी ठेवा. कुत्र्याची थाळी घरच्या भांड्यांसोबत एकाच घासणीनं घासू नका, ही चूक बहुतेक घरांत होते. भिजवलेलं खाद्य उरलं तर दिवसभर तसंच ठेवू नका. खाणं घातल्यावर साबणानं हात धुवा. रांगत्या पोराला थाळीपासून लांब ठेवा, कुत्र्याला त्याचं तोंड चाटू देऊ नका.

लागण झाल्यास ६ तास ते ६ दिवसांत जुलाब, ताप, पोटात कळा सुरू होतात. बहुतेक जण ४ ते ७ दिवसांत बरे होतात. तोवर ओआरएस देत राहा, मनानं अँटिबायोटिक घेऊ नका. शौचातून रक्त, जास्त ताप किंवा लघवी कमी झाली, तर लगेच दवाखाना गाठा. पाच वर्षांखालचं मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई असेल तर थांबूच नका. घरात कुत्रं आहे आणि त्याला काय घालता, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. खाद्याची पिशवी फेकू नका, बॅच नंबर तिच्यावरच असतो.