हिमप्रदेशातील विशेष सेनादले : पानिपत ते सियाचीन

मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर लासूर स्टेशनच्या पूर्वेस छत्रपती संभाजीनगर आणि जालना ओलांडल्यावर परतूर लागते. मार्च १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंची सेना उत्तरेच्या मोहिमेस परतूरच्या परिसरातूनच निघाली. गोदावरीखोऱ्यातील उन्हाळ्याच्या तोंडाशी निघालेल्या या सेनेचा निर्णायक संग्राम उत्तरेतील भर हिवाळ्यात झाला. अतिशीत प्रदेशांतील विशेष सेनादलांच्या भावी कार्याचा विचार करताना या विसंगतीपासून आरंभ करणे उपयुक्त ठरते.

या सेनेत विशेष दल नव्हते असे नाही. निजामाच्या चाकरीतून आलेला इब्राहिमखान गारदी फ्रेंच पद्धतीची कवाईत शिकलेले पायदळ आणि तोफखाना बाळगून होता. ‘गारदी’ हा शब्दच युरोपीय ‘गार्द’ शब्दाशी नाते सांगतो. परंतु हे वैशिष्ट्य शस्त्राचे व शिस्तीचे होते; ऋतुमानाशी त्याचा संबंध नव्हता. नोव्हेंबर १७६० पासून सेना पानिपतावर अडकली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची आशा क्षीण झाली. १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी व अपुऱ्या वस्त्रांनिशी लढणाऱ्या मराठ्यांसमोर थंडी अंगवळणी पडलेले अफगाण उभे होते. पराभवाची कारणे अनेक होती; केवळ थंडीवर त्याचा भार टाकणे अयोग्य होईल. शिवाय पानिपतची थंडी ही हिमप्रदेशाची थंडी नव्हे. तथापि मैदानी हिवाळाही अन्न-वस्त्राविना सेनेस जर्जर करतो, तर हिमशिखरांवर काय घडेल, हे निराळे सांगावयास नको.

स्वातंत्र्योत्तर काळात हा धडा टप्प्याटप्प्याने गिरविला गेला. १९४८ मध्ये थिमय्या यांच्या पुढाकाराने गुलमर्ग येथे बर्फावरील हालचालींचे शिक्षण देणारी शाळा निघाली. तिचेच पुढे उच्चपर्वतीय युद्धविद्यालय झाले. १९६२ मध्ये मात्र पुरेशा उबदार पोशाखाविना सैनिकांना हिमालयाच्या सीमेवर उभे राहावे लागले. १९६३ मध्ये उभारलेल्या लडाख स्काउट्समध्ये त्या उंचीवरच जन्मलेल्या तरुणांस स्थान मिळाले. १३ एप्रिल १९८४ रोजी कुमाऊँ रेजिमेंटचे कॅप्टन संजय कुलकर्णी यांची तुकडी सियाचीनच्या बिलाफोंड खिंडीत उतरली. त्या मोहिमेचे पोशाखही युरोपातून आणवावे लागले होते.

सियाचीनवर शत्रूच्या गोळीपेक्षा निसर्गानेच अधिक बळी घेतले आहेत. नोव्हेंबर २००३ मध्ये गोळीबार थांबला. मृत्यू थांबले नाहीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुमारे १९,६०० फुटांवरील सोनम चौकीवर हिमकडा कोसळून दहा जवान दगावले. त्यांत सातारा जिल्ह्यातील एक जवान होता. मैदानातील सैनिकास तीन टप्प्यांत, सुमारे चौदा दिवस, विरळ हवेची सवय करून द्यावी लागते. ही मुदत कोणत्याही सेनापतीच्या आज्ञेने आखूड होत नाही.

यावरून विशेष दलांच्या भावी कार्याचे तीन भाग स्पष्ट होतात. पहिला, स्थानिक रहिवाशांतून उभारलेल्या पथकांनी बारमाही टेहळणी करणे. दुसरा, हवेला आधीच सरावलेली राखीव तुकडी आक्रमण वा हिमपातप्रसंगी तत्काळ धाडता येणे. तिसरा, बहुधा सर्वांत महत्त्वाचा, सामान्य पलटणींस हिमप्रदेशातील जगणे शिकविणे. मानवरहित विमानांमुळे टेहळणीचा व वाहतुकीचा भार काहीसा हलका होईल. परंतु थंडीत विद्युत्घटांची शक्ती घटते आणि विरळ हवेत हेलिकॉप्टरची वहनक्षमता उणावते. यंत्रासही तेथील ऋतुमान चुकत नाही.

म्हणून विशेष दलाची कसोटी त्याच्या शौर्यात पाहणे अपुरे आहे. गारद्यांचे शौर्य पानिपतावर उणे पडले नाही. त्यांच्यामागील कोठार रिते होते. भविष्यातील हिमदलांचे यशापयशही चौकीइतकेच तिच्यामागील धान्य, इंधन व वस्त्र यांच्या व्यवस्थेवर ठरेल.