सूक्ष्म आरएनए : अल्झायमर रोगाचे संभाव्य रक्तनिर्देशक

अल्झायमर रोगात रक्तातील ज्या सूक्ष्म आरएनएंचे प्रमाण बदलते आणि ज्यांच्या मोजणीतून रोगाचे निदान लवकर होण्याची शक्यता अभ्यासली जात आहे, त्यांना या रोगाचे संभाव्य रक्तनिर्देशक म्हणतात. सूक्ष्म आरएनए म्हणजे सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांची आखूड साखळी. ती स्वतः प्रथिन घडवत नाही, तर संदेशक आरएनएला चिकटून त्यापासून होणारी प्रथिननिर्मिती रोखते. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या गटांनी १९९३ मध्ये एका सूत्रकृमीत हे नियमन दाखवून दिले व त्याबद्दल दोघांना २०२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९०६ मध्ये आलोइस अल्झायमर यांनी प्रथम वर्णिलेल्या या रोगात मेंदूमध्ये बीटा-अमिलॉइडचे थर साचतात, टाऊ प्रथिनाचे गुंते होतात आणि चेतापेशी मरत जातात. अमिलॉइड तयार होण्यास आवश्यक असलेल्या बेस-१ या विकराला आवर घालणारे मिर-२९ आणि मिर-१०७ हे सूक्ष्म आरएनए रुग्णांच्या मेंदूत घटलेले आढळले, तर चेतापेशींच्या जोडण्यांशी निगडित मिर-१३२ ची घट अनेक अभ्यासांत दिसून आली. पेशींतून बाहेर पडलेले सूक्ष्म आरएनए प्रथिनांना बांधलेले किंवा सूक्ष्म पिशव्यांत बंदिस्त असल्याने रक्तद्रवातही टिकतात. २०१३ मध्ये जर्मन संशोधकांनी १२ सूक्ष्म आरएनएंच्या संचावरून रुग्ण आणि निरोगी व्यक्ती वेगळ्या ओळखता येतात, असे दाखवले.

साठ व त्याहून अधिक वयाच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला असून अल्झायमर हे स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण आहे. मेंदूचे पेट (पीईटी) चित्रण महाग आहे आणि पाठीतले पाणी काढून करावयाची तपासणी क्लेशदायक असते, त्यामुळे लहान गावात राहणाऱ्या वृद्धाला साध्या रक्ततपासणीचा फार मोठा आधार होईल.

मात्र वेगवेगळ्या अभ्यासांतील निष्कर्ष अद्याप जुळत नाहीत. नमुना हाताळताना तांबड्या पेशी फुटल्यास त्यांतील मिर-४५१ आणि मिर-१६ रक्तद्रवात मिसळतात. वय, औषधे व अन्य आजार यांचाही प्रभाव पडतो, आणि तुलनेसाठी सर्वमान्य मापदंड ठरलेला नाही. मिर-१४६ए दाहाशी संबंधित असल्याने त्यातील बदल केवळ अल्झायमरचा मानता येत नाही. याउलट फॉस्फोरिलीकृत टाऊ-२१७ आणि अमिलॉइड यांचे गुणोत्तर मोजणाऱ्या रक्तचाचणीला अमेरिकेत मे २०२५ मध्ये मान्यता मिळाली. सूक्ष्म आरएनए हे आज संशोधनाचे साधन आहे; नमुना घेण्याची एकसमान पद्धत आणि भारतीय लोकसंख्येवरील दीर्घकालीन पडताळणी झाल्याशिवाय केवळ त्यांच्या आधारे कोणाचेही निदान करणे योग्य ठरणार नाही.