पांढऱ्या भाताचे ऋण

लढाया तर मी वर्गात नेहमीच शिकवितो. पण लढाई सरल्यानंतरची एक हकीकत मला अधिक मोलाची वाटते. १९५० साली रशियाने ९६९ जपानी युद्धकैदी चीनच्या हवाली केले. त्यांची रवानगी झाली मांचुरियातील फुशुनच्या तुरुंगात. हा तुरुंग १९३६ साली जपान्यांनीच बांधलेला! आता आपली धडगत नाही, असेच कैदी समजले. पण चाऊ एन-लाय यांची सक्त ताकीद होती: मारहाण नाही, अपमान नाही. काही पहारेकऱ्यांची आप्तमंडळी जपान्यांनी मारलेली. तरी ते स्वतः ज्वारी खात आणि कैद्यांना पांढरा भात वाढीत.

प्रथम कैदी गुर्मीत होते. हळूहळू ती उतरली आणि त्यांनी आपली पापे स्वहस्ते लिहून काढली. १९५६ साली ४५ जणांना कैद झाली, फाशी एकालाही नाही. बाकीचे मायदेशी परतले.

‘यांची बुद्धीच फिरवली,’ असे जपानात पुष्कळ म्हणाले. तुरुंगातला कबुलीजबाब संशयास्पद खराच. पण १९५७ साली संघ काढून, थेट २००२ पर्यंत हे लोक आपले गुन्हे चारचौघांत सांगत राहिले. तेथे त्यांच्यावर पहारा कोणाचा होता? मला वाटते, त्या भाताचाच!